लाख झाले की येतो

आटपाडी, ९ फेब्रुवारी

शरयू,

सगळं बदललं ते तू माझं मनगट धरलंस त्या क्षणाला. गॅदरिंगची संध्याकाळ, कॉलेजचं गेट, आणि मी त्या थर्ड इयरच्या पोराच्या अंगावर निघालेलो. तो काय बोलला होता ते तुला तेव्हा सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. तू मागून आलीस, हात धरलास आणि म्हणालीस, "कपिल, बास." जोरातपण धरला नव्हतास. सकाळी हॉस्टेलवर उठलो तर मनगटावर चार बोटं उठलेली. निळी. आतल्या बाजूला अंगठा.

पोरांनी लय चेष्टा केली. "लेका, पोरीनं हाणला व्हय तुला!" मी मात्र दिवसभर बाह्या दुमडून हिंडलो. तो आजार आहे हे मला काय माहीत! मला वाटलं, माणूस इतकं प्रेम करायला लागला की असं उठत असेल. ठसे निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे, आणि जायला लागले तेव्हा मला वाईट वाटलं. मग नडग्यांवर तांबडे ठिपके आले. खाजत नव्हते, बोटानं दाबले तरी जात नव्हते. मग एक दिवस दात घासताना बेसिन लाल झालं. मग सांगलीचा तो वॉर्ड आणि कागदावर सात हजार. लोकांच्या प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असतात, माझ्या सात हजार.

पुढचं तुला माहीत आहे, तू तिथंच होतीस. माझी टर्म जाऊ नये म्हणून तू माझं फार्माकॉलॉजीचं जर्नल स्वतःच्या हातानं पुरं करून आणलंस. अक्षरसुद्धा माझ्यासारखं वाकडं काढलंस. मी ते मधोमध फाडलं. वर म्हणालो, "कीव करायला येऊ नको. लाख झाल्याशिवाय तुला तोंड दाखवणार नाही." तू पलंगाखाली वाकून पानं गोळा केलीस. दारात थांबून म्हणालीस, "मी मागितलेत का लाख?" आणि गेलीस. त्याच आठवड्यात मी फार्मसी कॉलेज सोडलं, पेटी घेऊन गावाला आलो. तू माझा नंबर ब्लॉक केलास. पोस्टमन ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या डॉक्टर अश्लेषा मॅडमनी समजावलं की बाहेरून काही आलेलं नाही. माझ्याच शरीरातली राखण करणारी मंडळी माझ्याच प्लेटलेट्सना परकं समजून मारतायत. "ओळख न पटवता अंगावर धावून जातात," म्हणाल्या. आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मंग ती ह्याच्यावरच गेल्यात की."

आज बावीस आहेत. हजार म्हणायचं मी सोडून दिलंय, आता घरात सगळे नुसता आकडाच बोलतात. लाख झाले की येतो. दिलेला शब्द आहे.

कपिल

आटपाडी, २ मार्च

शरयू,

उत्तर नाही. नको देऊ. मी लिहिणार.

इकडं मजा झाली. माझ्या प्लेटलेट कमी आहेत हे गल्लीत फुटलं, आणि प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, एवढंच इथं लोकांना माहीत. गेल्या सोमवारी मी झोपलेलो असताना खिडकीतून ढगच आत आला. बाहेर धुराचं मशीन खांद्याला लावून ग्रामपंचायतीचा माणूस. मी बनियनवरच धावलो.

"ए, काय करतोयस?"

"डासं मारतोय. इथं पेशंट हाय म्हनं."

"मीच पेशंट आहे. मला डेंग्यू नाही!"

"मंग लय चांगलं," म्हणाला, आणि आमच्या म्हशीकडं वळून तिलाही धुरी दिली. म्हैस दोन वेळा शिंकली. मी त्याच्या हातातलं मशीन ओढायला गेलो, तर आईनं मधे येऊन माझ्याच पाठीत घालायला हात उगारला आणि हवेतच थांबवला. हल्ली ती मारत नाही, ठसा उठेल म्हणून. तो थांबलेला हात मला जास्त लागतो.

पपईचं तर विचारू नको. गल्लीत एका झाडाला पान राहिलेलं नाही. रोज कोणीतरी हिरवा रस घेऊन दारात उभं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ह्या आजारात त्याचा उपयोग नाही, पण लोकांचं मन मोडू नको. मी चवच सांगू शकत नाही तुला. कडुलिंबानं ह्याच्यापुढं हात जोडावेत.

स्टेरॉइडनं माझं तोंड फुगलंय. आरशात बघितलं की म्हसवडची आत्या दिसते. रात्रीची झोप नाही, भूक मात्र म्हशीएवढी, आणि राग! मॅडम म्हणतात त्या गोळीनं चिडचिड वाढते. पायल, माझी धाकटी बहीण, ती लगेच म्हणाली, "गोळीच्या आधीचं काय मग, दादा?" बारावीत आहे, पण तोंड डिग्रीचं. मी उठून दार आपटून बाहेर गेलो. त्या दाराचं वरचं बिजागर माझ्यामुळं निसटलंय, माझ्या वडिलांनी, अण्णांनी, दोनदा ठोकून बसवलं.

इथं लॅब दोन आहेत. त्यातल्या एकीत माझे नेहमी चार-पाच हजार जास्त निघतात, म्हणून मी तिथंच जातो. तुला हसू येईल. तिथला ज्ञानू आता मला बघितलं की कोपरावर रबर बांधायच्या आधीच म्हणतो, "भांडायचं असंल तर आत्ताच भांडून घ्या." मागच्या वेळी एकवीस आले. मी म्हटलं, पुन्हा मोज. तो म्हणाला, "आवं, रगत तुमचं, मशीन कंपनीचं. मी मधी कोन? आन् परवाच मोजल्या की वो. प्लेटलेट हाय का क्रिकेटचा स्कोर, दर वव्हरला बघायला?"

चार दिवसांपूर्वी सांगलीला मॅडमकडं गेलो होतो. त्या म्हणाल्या, "कपिल, तीसच्या वर असलास आणि कुठून रक्त येत नसलं, तर मला चालतं. तू आकडा बघू नकोस, तोंड बघ, पाय बघ. हिरड्या, जीभ, नडग्या. मी माणसाला औषध देते, कागदाला नाही."

"मला लाख पाहिजेत, मॅडम."

"कशाला?"

"आहे एक काम."

त्या हसल्या. माझं डोकं सटकलं. त्यांनी आता नवीन गोळी दिलीय, स्टेरॉइड हळूहळू कमी करायची आणि ही चालू ठेवायची. रोज सकाळी रिकाम्या पोटी. त्या अजून काहीतरी सांगत होत्या, पण मी चिठ्ठी उचलून उठलोच. हसण्यासारखं काय होतं त्यात, तू सांग.

आई ही गोळी पहाटे स्वतः हातावर ठेवते आणि बरोबर पेलाभर दूध देते, साखर घालून. मी म्हटलं, रिकाम्या पोटी सांगितलीय. ती म्हणाली, "दूध म्हंजे काय जेवान हाय व्हय! गोळी उष्ण असती. आतडी जळत्याल." पिलं की ती माझ्या ओठांवरची साय पदरानं पुसते, जसा मी चार वर्षांचा आहे. तेवढ्यापुरता मी भांडत नाही.

कपिल

आटपाडी, २७ मार्च

प्रिय शरयू,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी कुठं असेन माहीत नाही. आज रिपोर्ट आला. नऊ. इतके दिवस नवीन गोळी खाऊन नऊ. मॅडमनी एकदा सांगितलं होतं की दहाच्या खाली गेलं की आतल्या आत, अगदी डोक्यातसुद्धा काही होऊ शकतं. अण्णा गाडी बघायला गेलेत, आई कपडे भरतीय, पायल कोपऱ्यात रडतीय आणि मी तुला लिहितोय.

भेट होईल असं वाटत नाही. लाख काही झाले नाहीत. सायकल पायलला द्यायला सांगितलीय. कॅल्क्युलेटर तुझाच होता, पेटीत तळाला आहे, घेऊन जा. त्या पोराला मी माफ केलं. नाही, केलं नाही.

त्या दिवशी गेटवर तू हात सोडायला नको होतास, एवढंच.

तुझा (हे पहिल्यांदाच लिहितोय)
कपिल

आटपाडी, २९ मार्च

शरयू,

मागचं पत्र फाडून टाक. वाचलं असशील तर विसर. मी आज सकाळी पोस्टात जाऊन ते परत मागितलं. पोस्टमास्तर म्हणाले, थैली कालच गेली. मी म्हटलं, थैलीच्या मागं गाडी लावतो. ते म्हणाले, "लावा, पण त्यात एकट्या तुमचं पत्र नाही." भांडण झालं. अण्णांनी बाहेरून हाक मारली म्हणून आलो.

झालं असं. रिपोर्टच्या आदल्या दिवशी ज्ञानूचं मशीन बिघडलेलं. त्यानं रक्त घेतलं आणि नळी दुसऱ्या गावाला पाठवली, ती दिवसभर एसटीच्या डिकीत आणि कुठल्या टेबलावर पडून राहिली. सांगलीला पोचलो तर मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि बॅटरी घेऊन माझ्या तोंडात बघितलं. जीभ वर, गाल बाहेर. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली. म्हणाल्या, "नऊ हजारांचा माणूस असा दिसत नाही." रक्त परत घेतलं, एक नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत आणि एक निळ्या झाकणाच्या, आणि काचेवर थेंब पसरून स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला.

जांभळ्या नळीतल्या औषधात काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून घोळका करतात. नळी जितकी पडून राहील तितका घोळका वाढतो. मशीनला तो घोळका मोजता येत नाही. अण्णा कंडक्टरच्या युनिफॉर्मवरच आले होते, तिकिटाचं मशीन अजून गळ्यात. त्यांनी लय विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे गाडीत दाटून पाशिंजर, पुढं सरकंनात, आन् कंडक्टरनं दारात हुबी हायत त्येवढीच मोजली. असंच न्हवं?"

मॅडम म्हणाल्या, "अगदी असंच."

खरे चोवीस निघाले. मला वाचल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. पण परतताना मी खिडकीला डोकं लावून एकच विचार करत होतो, की नवीन गोळी चालू होऊन महिना झाला आणि बावीसचे चोवीस. असंच चाललं तर लाखाला मी म्हातारा होईन, आणि तू कुठं असशील?

अण्णांनी सीटवरून न बघताच विचारलं, "त्या पोरीला लिवतूस ना?"

"कुठल्या?"

"बरं," म्हणाले. एवढंच.

आता माझ्या दंडावर 'निळं झाकण' असं गोंदवून घ्यावं म्हणतो. मॅडम म्हणाल्या, गोंदवायचं नाही, चिठ्ठी पाकिटात ठेव.

कपिल

आटपाडी, १५ एप्रिल

शरयू,

काल जयंती झाली. तुला एकदा सांगितलं होतं, आमच्याकडं चौदा एप्रिल म्हणजे दिवाळी, दसरा, लग्न सगळं एकाच दिवशी. लेझीममध्ये मी दरवर्षी पहिल्या रांगेत. ह्या वर्षी आईनं सकाळीच जाहीर केलं, घराबाहेर पाय टाकायचा नाही. गर्दी, धक्के, कोपर, कोण कुठं लागेल. मी चिडलो, दार आपटायला हात घातला, बिजागराकडं बघून सोडून दिलं.

संध्याकाळी मिरवणूक गल्लीत आली. मी उंबऱ्यावर उभा. तर पुढची दहा-बारा पोरं रांग मोडून आली, लेझीम कमरेला खोचल्या, एकमेकांचे हात धरले आणि माझ्याभोवती कडं केलं. पाठ माझ्याकडं, तोंडं बाहेर. त्यातला एक आईला ओरडून म्हणाला, "काकू, आमी हाय! धक्का लागला तर आमाला लागंल." आई काही बोलायच्या आत कडं हललं आणि मी मधे. चौकापर्यंत मी असा गेलो. बँडच्या पुढं ते बाहेरच्या बाजूला नाचत होते आणि आत मी एकटा, कोणी माझ्या हातभर अंतरात नाही. आधी लाज वाटली. मग मी नाचलो. दोन्ही हात वर करून, हळू. खरं सांगतो, मला रडू आलं, पण निळा गुलाल इतका होता की कोणाला दिसलं नाही.

घरी येऊन बघतो तर अंगावर सगळीकडं निळं. दंड, मान, पोटऱ्या. मला वाटलं, ठसेच उठले. मोरीत बसून एकेक डाग धूत गेलो. शरयू, सगळे गेले! एकही राहिला नाही. सगळा गुलालच होता. मी ओल्या अंगानं बाहेर येऊन ओरडलो, "आई, सगळं गेलं!" तिला वाटलं काहीतरी चोरीला गेलं.

आज ज्ञानूकडं रक्त दिलं, लगेच मोजून घेतलं. एकतीस. तीसच्या वर! मॅडमच्या हिशेबानं मी पास आहे. मला वाटतं मनात ठरवलेल्या लाखाचा हा परिणाम.

आणि एक नुकसान झालंय. दूध बंद. आई म्हणते म्हैस आटली. पंधरा दिवस झाले, गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतो. चहासुद्धा कोरा, तोही सकाळी न देता दुपारी देते. ओठ पुसायला काही राहत नाही, तरी पदर फिरवते.

तू वाचतेस ना? नुसतं वाचत असशील तरी चालेल.

कपिल

आटपाडी, ११ मे

शरयू!

तू! तू आणि माझी आई!

आता सगळं कळलंय, त्यामुळं गप्प बसू नकोस. सकाळी मी लवकर उठलो. स्टेरॉइड जवळजवळ बंद झाल्यापासून झोप लागते, आणि लागली की पहाटेच पुरी होते. गोठ्यात गेलो तर आई म्हशीखाली बसलेली आणि बादली फेसानं भरलेली.

"आई, म्हैस आटली म्हणालीस!"

आईनं हात थांबवला नाही. "आटली व्हती. परत आली."

"म्हैस परत येते?"

"न यायला काय झालं? रुसली आसंल."

पायल दारात उभी राहून हसायला लागली, ती खालीच बसली. मी तिचं मनगट धरायला गेलो तर पळाली आणि म्हशीच्या पलीकडून सगळं बोलली. की तू दर रविवारी आईला फोन करतेस. की माझं ते 'भेट होईल असं वाटत नाही' पत्र मिळालं त्याच दिवशी तू पायलच्या नंबरवर फोन केलास आणि बोलायच्या आधी नुसती रडलीस. (हे खरं आहे का? पायल तिखटमीठ लावते.) की आईनं तुला म्हटलं, "आगं, काय झालेलं न्हाई, ती नळीच येडी व्हती." की मग तू विचारलंस गोळी कशी देता, आणि आई अभिमानानं म्हणाली, "दुधाबरूबर देती, साखर घालून." आणि तू इतक्या मोठ्यानं "अहो काकू!" म्हणालीस की आईनं फोन कानापासून लांब धरला.

दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून बसतं आणि ती रक्तात उतरतच नाही. गोळीच्या पुढंमागं काही तास दूध, दही, ताक काही नको. हेच मॅडम त्या दिवशी सांगत होत्या आणि मी उठून आलो होतो. महिनाभर मी रोज गोळी खात होतो आणि आई रोज प्रेमानं ती वाया घालवत होती. ती आता मोरीजवळ बसून म्हणत होती, "मीच माज्या लेकराच्या आड आले की गं." मी तिच्यापुढं बसलो. म्हटलं, "आतडी तरी नाही जळाली." तेव्हा कुठं हसली आणि बादलीतला फेस माझ्या नाकाला लावला.

आणि हे तर आपल्याला शिकवलेलं! देशमुख सरांचा तास, टेट्रासायक्लिन आणि दूध, फळ्यावर मोठं वर्तुळ काढून. मला फक्त वर्तुळ आठवतं, कारण ते मी खिडकीतून बघितलं. तू आत बसून लिहून घेत होतीस आणि मी बाहेर तुझ्या स्कूटीवर बसून तास कधी सुटतोय बघत होतो. तुझ्यासाठी बुडवलेल्या तासात माझ्या गोळीचं उत्तर होतं. ह्याला काय म्हणायचं ते तूच म्हण.

मला न सांगायची शपथ तू आईला का घातलीस, तेही पायलनं सांगितलं. "त्याला कळलं की मीच सांगितलं, तर तो हट्टानं दूध पिईल." इतकं ओळखतेस?

मी दुपारी रागावलो होतो. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा आकडा आपसांत वाटून घेतला, मला लहान पोर केलं. दोन तास गोठ्यात बसलो. म्हैस रवंथ करत होती. मग लक्षात आलं की मी चिडलोय ते मिरवणुकीतल्या कड्यावर चिडल्यासारखं आहे. तिथं तर मी नाचलो होतो.

ह्या आठवड्यात चौसष्ट आहेत. आता लाख लांब नाहीत. झाले की त्याच दिवशी निघतो.

तुझा
कपिल

आटपाडी, २५ मे

शरयू,

अठ्ठ्याऐंशी! ज्ञानूनं स्वतःच्या पदरचा पेढा दिला. मी म्हटलं, दुधाचा आहे, दुपारी खातो.

तोंडावरची आत्या गेली, माझं मला दिसायला लागलंय. गेला आठवडा गावातल्या मेडिकलमध्ये बसतोय, मालकाला मदत म्हणून. पहिल्याच दिवशी एका बाईला म्हणालो, "मावशी, ही गोळी दुधाबरोबर नको." त्या म्हणाल्या, "तुला काय कळतंय?" मी भांडलो नाही. म्हटलं, "मला लय उशिरा कळलं, म्हणून सांगतो." मालक मागून म्हणाला, "अर्धं शिकून एवढं, तर पुरं शिकून ये जा की." जूनला कॉलेजात जाऊन विचारणार आहे. ते जर्नल तू चिकटपट्टीनं जोडून ठेवलंयस असं पायल म्हणते. ठेव, पण देऊ नको. मी परत लिहितो, माझ्या खऱ्या वाकड्या अक्षरात.

आज फोनवर तू पायलला जे सांगितलंस ते तिनं मला तुझ्या आवाजात करून दाखवलं. "मी सुट्टीला साताऱ्यात घरी आहे. येत्या रविवारपर्यंतच. सोमवारी ट्रेनिंगला गोव्याला चाललेय, मग दिवाळीपर्यंत नाही. त्याला यायचं तर येऊ दे. पण लाख घेऊन येणार असेल तर येऊ नको म्हणावं."

हे काय आता? इतके महिने मी कशासाठी मोजतोय? बारा हजार तर राहिलेत. शनिवारी रक्त देणार आहे, रविवारी सकाळी रिपोर्ट येईल, लाख होतीलच. तुला लाखाचं वावडं का?

मला राग आलाय. पत्र टाकतोय तरी.

कपिल

आटपाडी, १ जून, रविवार

शरयू,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हातात घेऊन येतोय.

रात्रभर विचार केला असं लिहिणार होतो, पण खोटं होईल, मी झोपलो. सकाळी उठलो आणि एकदम कळलं. रिपोर्ट येईपर्यंत थांबलो आणि लाख निघाले, तर तुझ्या दारात लाख उभे राहणार, मी त्यांच्या मागं. नव्वद निघाले, तर मी निम्म्या वाटेवरून माघारी फिरणार, मला माझी खात्री आहे. आणि साठ निघाले तर पुन्हा दार, पुन्हा बिजागर, पुन्हा गोठा. म्हणजे कसंही झालं तरी मी येत नाही, आकडाच येतो किंवा आकडाच येत नाही. तू वॉर्डाच्या दारात विचारलं होतंस, "मी मागितलेत का लाख?" त्याचं उत्तर मी जानेवारीपासून दिलं नव्हतं. नाही मागितलेस. मीच माझ्यापुढं गेट बांधून घेतलं.

मॅडमना लगेच फोन करून विचारलं, म्हटलं रिपोर्ट न बघता प्रवास केला तर चालेल का. त्या म्हणाल्या, "रिपोर्ट मला येतोच. काही वेगळं दिसलं तर मी वडिलांना कळवीन. तू तोंड बघ, पाय बघ आणि जा." वर म्हणाल्या, "ते काम होतं ना, तेच का?" ह्या वेळी हसल्या तर मीही हसलो.

तर बघितलं. जीभ, हिरड्या, गालांच्या आतून. काही नाही. नडग्यांवर ठिपका नाही. डाव्या मांडीवर एक निळा डाग आहे, तो परवा म्हशीनं मारला. तिचा हक्क आहे, तिला आम्ही उगाच आटवली होती.

सातारा गाडीवर आज अण्णाच आहेत. म्हसवड, दहिवडी, पुसेगाव करत तिन्हीसांजेच्या आत पोचतो. तुझ्या बाबांना माझं आडनाव माहीत आहे, आजार नाही. तुझ्या आईला आजार माहीत आहे, आडनाव नाही. आज दोघांना दोन्ही सांगू. कोण काय म्हणेल ते म्हणेल. मी आवाज चढवला तर तू "बास" म्हण. एकदाच म्हण, पुरेल.

आईनं डब्यात धपाटी दिलीत. दही वेगळं बांधलंय आणि वर म्हणाली, "हे तिच्यासाटी. तू गोळीची येळ बघून खा." पदर ओठांवरून फिरवला, काही लागलेलं नसताना.

आणि मनगट. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलाय, पण तुझ्या दारात दुमडणार आहे. तू धर. उठलं काही तर उठू दे, आता मला माहीत आहे ते काय असतं आणि किती दिवसांत जातं. नाही उठलं, तर मी हरकत घेणार नाही.

अण्णा रस्त्यावरून ओरडतायत, "चला, चला, पुढं सरका!" घरातपण तीच सवय. पायल आत फोन घेऊन नाचतीय, "दादा, ज्ञानूदादाचा रिपोर्ट आला! उघडू का?" मी म्हटलं, "मॅडमना गेला न्हवं? मग बास." ती म्हणाली, "आरं, बघ तरी!" तिच्या तोंडावरून मला ओळखता आलं असतं, म्हणून तिच्याकडं बघितलंच नाही.

ही शेवटची ओळ मी बाहेर ओट्यावर उभा राहून, कागद बंद दारावर टेकवून लिहितोय. दार मीच ओढून घेतलं. आपटलं नाही.